मुद्देमाल: अंडी, नग चार

चैत्र वद्य पंचमी, बुधवार. सकाळी थोडा वारा होता, नऊनंतर तोही नव्हता. साल विचारू नका, मुलांनो. जंगलात साल फक्त झाडाला असते.

तर त्या बुधवारी, एका जंगलात, जंगल संपल्यासारखं वाटतं पण संपत नाही अशा एका माळावर, सगुणा नावाच्या टिटवीने चार अंडी घातली आणि ती त्यांच्यावर बसली.

घरटं नव्हतं. टिटवीला ते नसतंच. तिच्या पायाचं मागचं बोट नावापुरतं असतं, त्यामुळे तिला फांदी धरता येत नाही. आणि धरता आली असती, तरी फांद्या शिल्लक कुठे होत्या? त्या पणजोबांच्या काळीच वाटून झाल्या होत्या. म्हणून सगुणाने छातीने मुरमात वाटीएवढा खड्डा केला आणि कडेने खडे मांडले. तेवीस खडे. झालं घर.

अंडीही खड्यांच्याच रंगाची. ती उबायला अठ्ठावीस दिवस लागतात. हा आकडा लक्षात ठेवा. या गोष्टीत बाकी सगळं बदलतं, हा बदलत नाही.

सगुणाला नवरा होता. त्याचं नाव दगडू. मागच्या वर्षी दोन सशांच्या भांडणात तो साक्ष द्यायला कोर्टात गेला, त्याच्या नावाचा पुकारा अजून झाला नव्हता. तो रोज सकाळी कोर्टाबाहेर जाऊन बसे आणि कोर्ट उठलं की त्या रांगेतच झोपे, कारण जागा गेली असती. रविवारी कोर्टाला सुट्टी असे, म्हणून रविवारी घरी येई. संसार रविवारचा होता, पण बरा चालला होता.

चौथा दिवस, शनिवार. कडक ऊन.

राजा वाघाकडे दूरदेशीचा एक करकोचा पाहुणा आला होता. जंगल फिरून झाल्यावर राजाने विचारलं, "कसं वाटलं आमचं जंगल?"

"छान," करकोचा म्हणाला. "फक्त अंडी जरा फार दिसतात."

राजा ओशाळला. संध्याकाळपर्यंत 'उघडी अंडी प्रतिबंधक कायदा' तयार झाला. कायदा एका ओळीचा होता. अंडी घरात घालावीत.

बहुतेकांना तो आवडला. बहुतेकांना घर होतं.

सातवा दिवस, मंगळवार. ऊन तसंच.

हवालदार तरस नोटीस घेऊन माळावर आला. तरस नियमाने चालणारा होता. नोटीस आरोपीच्या दारावर चिकटवावी, असा नियम होता. त्याने सगुणाभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग वाकून खड्यांमधून पाहिलं.

"काही हरवलंय का, हवालदारसाहेब?" सगुणाने विचारलं.

"दार शोधतोय."

"इकडे नाही हो आलं."

तरसाने आणखी एक फेरी मारली आणि तो निघाला. नोटीस आरोपीच्या हातात द्यावी, असा नियम नव्हता.

माळाच्या पलीकडे लांडोरबाईंचं फार्महाऊस होतं. म्हणजे माळ तोच, मुरूमही तोच. लांडोरही जमिनीवरच अंडी घालते. पण तिच्या जमिनीभोवती कुंपण होतं आणि कुंपणाला दार होतं. सर्वांत जवळचं दार ते. तरसाने सगुणाची नोटीस तिथे नीट, चारही कोपरे दाबून चिकटवली.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, कोर्टात सगुणाच्या नावाचा तीनदा पुकारा झाला. ती आली नाही. ती त्या वेळी जवळच्या डबक्यात पोट भिजवून येऊन अंड्यांना गारवा देत होती, कारण उन्हाने अंडी शिजायची वेळ आली होती.

अकराव्या दिवशी तरस पुन्हा आला.

"काल का आली नाहीस?"

"कुठे?"

"कोर्टात. नोटीस लावली होती ना!"

"कुठे लावली होती?"

"दारावर."

"अहो, मला दार कुठंय?"

"तेच तर!" तरस म्हणाला. "म्हणून दुसऱ्याच्या दारावर लावावी लागली. सरकारला तुझ्यासाठी किती पायपीट पडते, ते बघ जरा." त्याने वही काढली. "गुन्हा क्रमांक एक, उघडी अंडी. गुन्हा क्रमांक दोन, गैरहजेरी. पुढची तारीख सतरावा दिवस, शुक्रवार. या वेळी तोंडी सांगतोय. हे मी माझ्या पदरचं करतोय, लक्षात ठेव."

"उपकार झाले," सगुणा म्हणाली. ती हे मनापासून म्हणाली. तोपर्यंत तिला एवढंही कुणी सांगितलं नव्हतं.

बारावा दिवस रविवारचा. दगडू घरी आला. सगुणाने सगळं सांगितलं. दगडूला कोर्टाचा एक वर्षाचा अनुभव होता, म्हणजे बाहेरच्या बाजूचा.

"वकील पाहिजे," तो म्हणाला. "गरिबाला फुकट मिळतो. फक्त गरीब असल्याचा दाखला लागतो. तलाठी घोरपड देते."

"मग आजच जाऊन येते. तुम्ही बसा अंड्यांवर."

"आज रविवार. ऑफिस बंद."

"मग उद्या जाते. तुम्ही बसा."

"उद्या सोमवार. मी कोर्टात."

दोघं थोडा वेळ अंड्यांकडे बघत राहिले.

"तुमचं एक बरंय," सगुणा म्हणाली. "तुम्हाला नुसतं बसायचं असतं."

"अगं, नुसतं बसण्यासारखं दमवणारं काम नाही. तू बसून बघ."

"मी बारा दिवस काय करतेय?" सगुणा म्हणाली.

तेराव्या दिवशी, सोमवारी, पहाटेचा गारवा सरल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी सगुणा अंड्यांना म्हणाली, "हलू नका, आत्ता येते." आणि धावत सुटली.

तलाठी घोरपड एका खडकाला चिकटून बसली होती. ती तिथे नेमणूक झाल्यापासून चिकटलेली होती.

"मॅडम, गरीब असल्याचा दाखला पाहिजे."

"पत्ता सांग."

"माळ."

"माळ हा पत्ता नाही. माळ म्हणजे जिथे पत्ता नसतो ती जागा. घर कुठंय?"

"घर नाही. म्हणूनच गरीब आहे, मॅडम."

घोरपडीने जीभ बाहेर काढून आत घेतली. ती तिची विचार करायची पद्धत होती. "हे बघ बाई. नियम असा आहे की मी घर बघायला येते. भिंती बघते, छप्पर बघते, आणि मग गरीब आहे की नाही ते ठरवते. तुला घरच नाही, तर मी बघू काय? उद्या कुणीही येईल आणि म्हणेल मला घर नाही. मग जंगलात गरिबीला काही किंमत राहील का?"

"मग मी काय करू?"

"घर कर. अगदी साधं चालेल. मग मला बोलाव. अर्ज मात्र ठेवून जा, अर्ज मी कुणाचा परत करत नाही."

सगुणा अर्ज ठेवून धावत परत आली. अंडी होती. अंड्यांशेजारी तरस होता. वही उघडी होती.

"गुन्हा क्रमांक तीन," तो लिहीत होता. "अंडी बेवारस सोडून जाणे."

"अहो, मी तुमच्याच कोर्टासाठी वकील आणायला गेले होते!"

"तसं लिहू? 'पूर्वनियोजित' असं होईल ते."

"नको."

"बरं, आणखी एक. लोक म्हणतात, तू पाय वर करून झोपतेस. खरं आहे?"

"खरं आहे. आभाळ पडू नये म्हणून. आमच्यात सगळेच झोपतात तसे. माझी आजी..."

"परवानगी आहे?"

"कशाची?"

"आभाळ सरकारी आहे," तरस म्हणाला. "सरकारी आभाळाला खासगी टेकू. गुन्हा क्रमांक चार. कबुली दिलीस हे बरं केलंस, माझी चौकशी वाचली."

मुलांनो, आता सगुणापुढचा पेच बघा. सतराव्या दिवशी कोर्टात गेली तर अंडी उन्हात शिजणार, नाहीतर सकाळीच गार पडणार. वर गुन्हा क्रमांक तीन पुन्हा. नाही गेली तर गुन्हा क्रमांक दोन पुन्हा, आणि वॉरंट. तिने चार दिवस विचार केला. विचार करायला तिला वेळ भरपूर होता, कारण ती जागची हलू शकत नव्हती.

सतराव्या दिवशी सकाळी तिने तरसालाच विचारलं.

"सोपं आहे," तो म्हणाला. "मी अंडी जप्त करतो. अंडीही कोर्टात, तूही कोर्टात. कुणी कुणाला सोडून गेलं नाही."

सगुणाला हे पटलं. सरकारी कामात काहीतरी पटण्याची तिची ती पहिलीच वेळ. तरसाने प्रत्येक अंड्यावर चुन्याने आकडा घातला, एक ते चार. मग कापसाची पिशवी घेतली. अंडी पिशवीत, पिशवी तरसाच्या गळ्यात, सगुणा पिशवीखालून चालत. वाटेत ती दर दहा पावलांनी म्हणे, "हळू!" आणि तरस म्हणे, "सरकारी मुद्देमाल आहे, मला शिकवू नकोस."

कोर्ट वडाखाली भरत असे. बाहेर दगडू बसलेला. पिशवी बघून तो उठला, चार पावलं पुढे आला आणि आत डोकावून म्हणाला, "कशी आहेत?"

नेमका तेव्हा आतून पुकारा झाला. "दगडू टिटवा हाजिर हो!"

दगडू चार पावलं धावत परत गेला. पण पुकारा तीनदाच होतो आणि तो भरभर होतो. साक्षीदार गैरहजर, अशी नोंद झाली.

"अहो, मी इथेच आहे! एक वर्ष इथेच आहे!"

"आता तुम्ही फरार आहात," शिपायाने समजावलं. "फरार असल्यामुळे तुम्हाला रोज हजर राहावं लागेल. रविवारीसुद्धा."

दगडू खाली बसला. सगुणा त्याच्याजवळ गेली.

"काही खाल्लंत का सकाळपासून?" तिने विचारलं.

"एक किडा आहे. निम्मा तू घे."

"मला नको. मला आत बोलायचंय."

न्यायमूर्ती कासव फार वयस्कर होते. अवघड प्रश्न आला की ते डोकं आत घेत. मग कोर्टात सगळे उठून उभे राहत आणि म्हणत, निकाल राखून ठेवला.

वकील जंगलात एकच होता, सरडा. तो ज्याच्या बाजूने असे, त्या रंगाचा होई. त्या दिवशी पहिला खटला लांडोरबाईंचा होता, कारण त्यांची अंडीही जमिनीवरच सापडली होती. सरडा निळाशार होऊन उभा राहिला.

"माझ्या अशिलाची अंडी उघड्यावर नव्हती, साहेब. ती निसर्गाच्या सान्निध्यात होती. पाहुण्या करकोच्याने त्यांच्यासोबत आपलं चित्र काढून घेतलं आहे. शिवाय दार आहे."

"दार आहे?" कासवसाहेबांनी विचारलं.

"दार आहे. त्यावर कुणाची तरी नोटीसही आहे."

"म्हणजे सरकारदरबारी नोंद असलेलं दार," कासवसाहेब म्हणाले. "निर्दोष."

लांडोरबाई जाताना सगुणाजवळ थांबल्या. "तुझी नोटीस माझ्या दारावर आहे हं. रंग खराब झालाय. तू येऊन पुसून जाशील का?"

मग सरडा सरकारच्या बाजूचा, मातकट झाला. सगुणाचा खटला निघाला.

"आरोपीने चार गुन्हे केलेत," सरडा म्हणाला. "तेही एका जागी बसून. उठून काय केलं असतं, याची कल्पनाच करवत नाही."

"तुला काही सांगायचंय?" कासवसाहेबांनी विचारलं.

सगुणाने खूप तयारी केली होती. आजीबद्दल, फांद्यांबद्दल, मागच्या बोटाबद्दल. पण तिची नजर टेबलावरच्या पिशवीवर होती, आणि तिच्या तोंडून एवढंच आलं, "साहेब, अंडी गार पडतायत."

"मग?"

"गार पडली तर मरतील. अजून अकरा दिवस आहेत. मला नुसतं बसू द्या त्यांच्यावर. खटला चालू दे, मी बसल्या बसल्या ऐकेन."

"आरोपीने मुद्देमालाला स्पर्श करणे हा गुन्हा क्रमांक पाच होईल," सरडा म्हणाला.

कासवसाहेबांचं डोकं आत जाऊ लागलं. सगुणाला काय सुचलं कोण जाणे. ती ओरडली, "साहेब, मुद्देमाल जप्त केला तेव्हा तो कसा होता, ते तरी वाचा!"

डोकं थांबलं. तरसाने पंचनामा वाचला. "अंडी, नग चार. रंग मुरमाचा. स्थिती, उबदार."

"नियम काय सांगतो?" कासवसाहेबांनी विचारलं.

नियम तरसाला पाठ होता. तो म्हणू नये असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. "मुद्देमाल जप्त केला त्याच स्थितीत ठेवावा. ती जबाबदारी जप्त करणाऱ्याची."

"मग बसा," कासवसाहेब म्हणाले, आणि डोकं आत गेलं.

निकाल राखून ठेवला.

त्या दिवसापासून हवालदार तरस कोर्टाच्या मालखान्यात अंड्यांवर बसला. सगुणा खिडकीबाहेर उभी राही.

"उजवीकडचं फिरवा, हवालदारसाहेब. दिवसातून चार वेळा फिरवायचं असतं."

"कशाने फिरवू?"

"चोचीने."

"मला चोच आहे का?"

"मग नाकाने. हळू! अहो, तो दगड नाही!"

"माझे पाय आखडलेत."

"सातव्या दिवशी सवय होते."

"आणि भूक लागली. फार लागली." तरस अंड्यांकडे बघत म्हणाला. "आकडे घातले नसते ना..."

"घातलेत. मोठे घातलेत."

"हो ना," तरस हळहळला. "माझंच अक्षर."

बाविसाव्या दिवशी, बुधवारी, करकोचा परत निघाला. बंदोबस्तासाठी सगळे हवालदार बोलावले. तरसही गेला. मालखान्याला कुलूप लागलं. त्या दिवशी पहाटेपासून गार वारा होता. सगुणा खिडकीच्या गजांना चिकटून पंख पसरून उभी राहिली. तिच्या अंगाची ऊब गजांना लागली, त्यापुढे गेली नाही. तरस दुपारी आला तो धापा टाकत आला, मिरवणूक अर्धी सोडून.

"तीन नंबर," तो थोड्या वेळाने आतून म्हणाला. "तीन नंबर काही बोलत नाही. बाकीची आतून टकटक करतात आताशा."

तरसाने वहीत काही लिहिलं नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

अठ्ठाविसावा दिवस, मंगळवार. ढगाळ. साडेदहाला कोर्ट भरलं. साडेदहालाच मालखान्यातून तरसाचा आवाज आला, "साहेब! मुद्देमाल फुटतोय!"

एक नंबर फुटला, मग चार, मग दोन. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की अंग वाळायच्या आत पळू लागतात. तीही पळाली. तरसाच्या पायांतून, सरड्याच्या शेपटीवरून, कासवसाहेबांच्या टेबलाखालून. कासवसाहेबांनी डोकं बाहेर काढलं.

"हे काय चाललंय?"

"मुद्देमाल पळतोय, साहेब," शिपाई म्हणाला.

सगुणाने एकच शीळ घातली. तिन्ही पिल्लं जागच्या जागी खाली बसली आणि खड्यांसारखी दिसू लागली. मग कोर्टाला ती सापडेनात. सरड्याचा पाय एकावर पडता पडता राहिला.

"अंडी कुठे आहेत?" कासवसाहेबांनी विचारलं.

"आता नाहीत, साहेब."

"मग उघडी अंडी कशी सिद्ध होणार?"

सरडा बोलता बोलता पांढरा पडला. सगुणाने निघायला पाऊल उचललं. पण बाकीचे गुन्हे अंड्यांचे नव्हते, तिचे होते. निकाल वाचायला एक मिनिट लागलं. शेवटी कासवसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "काही म्हणायचंय?"

"तुरुंगाला छप्पर आहे का, साहेब?"

"आहे. चांगली वडाची ढोली आहे, खालच्या अंगाची. दार आहे. दाराला नंबर आहे."

"मग आभाळाला मी टेकू कसा देणार?"

कासवसाहेबांनी थोडा विचार केला आणि डोकं आत घेतलं.

तुरुंगातल्या पाचव्या दिवशी ढोलीच्या दारात तलाठी घोरपड आली. तिने सगुणाचा अर्ज काढला. "आता पत्ता झाला तुझा," ती आनंदाने म्हणाली. "मी मुद्दाम आले." तिने भिंती बघितल्या. छप्पर बघितलं. दारावर टकटक केलं. मग जीभ बाहेर काढून आत घेतली.

"घर फारच चांगलं आहे गं," ती म्हणाली. "दाखला नाही मिळणार."

निकाल असा झाला. गुन्हा क्रमांक एक, मुद्देमालाअभावी रद्द. दोन, सिद्ध. तीन, सिद्ध. चार, कबुलीवरून सिद्ध. शिक्षा चौदा दिवस, तिन्ही पिल्लं आईसोबत. अंडं क्रमांक तीन पंचांसमक्ष पुरण्यात आलं. मुद्देमाल गहाळ केल्याबद्दल हवालदार तरस निलंबित झाला. त्याला सरकारी गुहा सोडावी लागली आणि तो सध्या माळावर राहतो. ज्येष्ठ शुद्ध द्वितीया, मंगळवार, दुपारी चारला सगुणा सुटली. हवा दमट होती. पिल्लं तीन होती, तिन्ही चालत होती.

तात्पर्य: मुलांनो, अंड्यातून बाहेर येण्याआधी आईकडे पत्त्याचा पुरावा आहे का, ते विचारून घ्यावं. नसेल तर आतच बसावं. जोवर आत आहात तोवर तुम्ही मुद्देमाल आहात, आणि मुद्देमालाची ऊब सरकार नियमाने सांभाळतं. बाहेर आलात की तुम्ही नागरिक.